गोचिडींवरची औषधं: गोळी, थेंब, पट्टा की आंघोळीचं पाणी?

कुत्र्याच्या गोचिडींवर बाजारात मिळणारं जवळजवळ प्रत्येक औषध गोचीड मारतं. तरी महिन्याभरात कान पुन्हा भरलेले दिसतात आणि मालक दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीचं औषध मागतो. बहुतेक वेळा औषध खोटं नसतं. डोस वजनाला कमी पडलेला असतो किंवा पुढच्या डोसची तारीख हुकलेली असते. त्याहूनही जास्त वेळा औषध कुत्र्यावर पडतं आणि गोचिडी भिंतीत बसलेल्या असतात. म्हणून इथे प्रत्येक औषध कुठल्या घरात, कुठल्या कुत्र्याला चालेल आणि कुठे फसेल, या नजरेने पाहिलं आहे.

आपल्याकडे घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांवर दिसणारी गोचीड बहुधा एकाच जातीची असते: तपकिरी रंगाची, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनियस. अंड्यातून सहा पायांची, मोहरीहून बारीक अळी निघते, तिची आठ पायांची निम्फ होते, मग प्रौढ गोचीड. तिन्ही अवस्था कुत्र्यावर चढून रक्त पितात, प्रत्येक वेळी खाली उतरतात, आडोशाला कात टाकतात आणि पुन्हा चढतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली करडी मादी एखाद्या फटीत शिरते, एकदाच हजारांच्या घरात अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत हे सगळं चक्र दोनेक महिन्यांत पूर्ण होतं. प्रौढ गोचीड उपाशीपोटी वर्षभराहून जास्त तग धरू शकते. शिवाय या जातीला वर चढायची सवय आहे, त्यामुळे अंडी सापडतात ती दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डाच्या कडेला, छताच्या कोपऱ्यात. कुत्र्यावर दिसतात त्या गोचिडी एकूण लोकसंख्येचा लहान भाग असतात, हे लक्षात ठेवलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

(सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या रानात कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथला, माणसांना होणारा माकडताप पसरवणारी जंगलातली गोचीड वेगळ्या जातीची असते. तिकडून परतल्यावर कुत्र्याइतकंच स्वतःचं अंगही तपासावं.)

खायच्या गोळ्या

सध्याचा सगळ्यात भरवशाचा पर्याय हाच. ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड आणि सिम्पारिका ही तीन नावं व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, सहज ऐकू येतात. तिन्हींतली औषधं, म्हणजे अनुक्रमे फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर आणि सारोलानेर, आयसोक्साझोलिन या एकाच गटातली आहेत. औषध रक्तात उतरतं, गोचीड चावून रक्त प्यायला लागली की तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो आणि ती मरते. आंघोळ, पाऊस, पोहणं, काहीच आड येत नाही. कुत्र्याला दर रविवारी आंघोळ घालणाऱ्या घरात आणि कोकणातल्या पावसात हा फार मोठा फायदा आहे.

फरक मुदतीत आहे. ब्रॅव्हेक्टोची एक गोळी १२ आठवडे चालते, नेक्सगार्ड आणि सिम्पारिका महिन्याला एक. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. ‘तीन महिन्यांनी देऊ’ म्हटलं की मध्ये आठवडाभर कुत्रा उघडा पडतो आणि घरात टपून बसलेल्या गोचिडींना तेवढे दिवस पुरतात. कॅलेंडरवर महिना न लिहिता तारीख लिहावी.

दुसरी चूक वजनाची. प्रत्येक गोळीचा वजनगट ठरलेला असतो. ब्रॅव्हेक्टोची ५०० मिलिग्रॅमची गोळी १० ते २० किलोंसाठी आणि १००० मिलिग्रॅमची २० ते ४० किलोंसाठी. सिम्पारिकाची ४० मिलिग्रॅम १० ते २०, तर ८० मिलिग्रॅम २० ते ४० किलोंसाठी. नेक्सगार्डचे गट थोडे वेगळे: ६८ मिलिग्रॅमची गोळी १० ते २५ किलो, १३६ मिलिग्रॅमची २५ ते ५० किलो. याचा खिशावर थेट परिणाम होतो. २३ किलोंच्या कुत्र्याला ब्रॅव्हेक्टो आणि सिम्पारिकाची मोठी गोळी घ्यावी लागते, नेक्सगार्डची मात्र मधल्या गटातली पुरते. किंमत तोलताना गोळीची किंमत भागिले ८४ किंवा ३० असा दिवसाचा खर्च काढावा. पाकिटावरचे आकडे समोरासमोर ठेवून काही कळत नाही. आणि वजन अंदाजाने सांगू नये. आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहावं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. न उचलवणारा कुत्रा व्हेटच्या काट्यावर न्यावा.

मोठी गोळी घेऊन दोन कुत्र्यांत तोडून देण्याची पद्धत फार पसरली आहे. ती सोडा. दोन्ही तुकड्यांत औषध सारखं येईलच याची खात्री नसते, आणि कमी डोस मिळालेल्या कुत्र्यावर गोचिडी जगतात. वाढत्या पिल्लांना बारा आठवड्यांच्या गोळीपेक्षा महिन्याची गोळी बरी. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू तीन महिन्यांत वजनगट ओलांडून जातं आणि शेवटच्या आठवड्यांत डोस तोकडा पडतो. आठ आठवड्यांहून लहान पिल्लाला यातली कुठलीच गोळी देऊ नये.

ब्रॅव्हेक्टो जेवणासोबत किंवा जेवणाच्या वेळेलाच द्यायची. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. तिला डुकराच्या यकृताची चव असते, ज्यांना घरात ते चालत नाही त्यांनी आधीच विचारून घ्यावं. नेक्सगार्ड आणि सिम्पारिकाला जेवणाची अट नाही. उलटीत गोळी बाहेर आलेली दिसली तर आपल्या मनाने दुसरी न देता व्हेटला विचारावं.

आता धोका. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या संपूर्ण गटाबद्दल सूचना काढली: काही कुत्र्यांना स्नायूंची थरथर, तोल जाणं किंवा झटके येऊ शकतात. बाजारातून औषधं काढली गेली नाहीत, बहुसंख्य कुत्र्यांना ती सुरक्षितच समजली जातात. पण ज्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली आहे त्याच्या मालकाने ही गोष्ट व्हेटला आपणहून सांगितलीच पाहिजे. अशा कुत्र्याला आम्ही हा गट सुचवणार नाही. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी तिन्हींपैकी फ्लुरालानेरची माहिती जास्त आहे, तरी निर्णय व्हेटचाच.

गोळी दिल्यावरही अंगावर चालणारी गोचीड दिसली तर गोळी फुकट गेली असं समजू नका. हे औषध गोचिडीला दूर ठेवत नाही, चावल्यावर मारतं. बघायचं ते दुसऱ्या दिवशी: ती सुकून, पाय आखडून मेलेली आहे का? दोन दिवसांनंतरही फुगत चाललेल्या जिवंत गोचिडी सापडत असतील तर डोस, तारीख, वजन पुन्हा तपासा.

या गोळ्यांची खरी मर्यादाही यातूनच येते. गोचीड तापाचे जंतू, विशेषतः एर्लिकिया कॅनिस, गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतात. गोळी मात्र गोचीड मारायला अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंत वेळ घेते. गोचिडीतून येणाऱ्या दुसऱ्या जंतूच्या, बबेशियाच्या बाबतीत जास्त वेळ हातात असतो, म्हणून तिथे गोळीचा बचाव जास्त पक्का. ज्या सोसायटीत कुत्र्यांना वारंवार एर्लिकिया होतो तिथे गोळीच्या जोडीला गोचिडीला चिकटूच न देणारा पट्टा वापरायचा का, हे व्हेटला जरूर विचारावं. आमच्या मते अशा ठिकाणी तो खर्च वाया जात नाही.

मानेवरचे थेंब आणि फवारा

फ्रंटलाइन प्लस आणि त्याच धर्तीची फिप्रोनिलची औषधं. पिपेट, म्हणजे औषधाची छोटी नळी, वजनानुसार येते: १० किलोंपर्यंत ०.६७ मिली, २० पर्यंत १.३४, ४० पर्यंत २.६८ आणि ६० पर्यंत ४.०२ मिली. औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं आणि तेलग्रंथींत साठतं. म्हणूनच शाम्पू त्याचा वैरी. थेंब घालण्याआधी ४८ तास आणि नंतर ४८ तास आंघोळ नको, आणि नंतरही आठवड्याला शाम्पू लावलात तर महिनाभर टिकायची अपेक्षा धरू नका.

पद्धत चुकते ती केसांवर. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही, तिथे केस बाजूला करून कातडी दिसू द्यायची आणि पिपेटचं टोक कातडीला टेकवून दाबायचं. दाट केसांच्या पोमेरेनियनला वरून थेंब सोडले तर औषध केसांवरच वाळतं. मोठ्या कुत्र्याला दोन-तीन जागी विभागून घाला, एका जागी ओतलं तर ओघळून वाया जातं. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या जवळही नको, सशासाठी ते घातक आहे.

फिप्रोनिलला दाद न देणाऱ्या तपकिरी गोचिडी परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे वजन, आंघोळ, जागा सगळं बरोबर असूनही परिणाम नसेल तर त्याच औषधाची दुसरी पिपेट घालण्यात अर्थ नाही, गट बदला.

या औषधाचा ०.२५ टक्क्यांचा फवाऱ्याला मात्र एका कामासाठी अजून तोड नाही: अगदी लहान पिल्लं. दोन दिवसांच्या पिल्लापासून तो वापरता येतो. मात्रा किलोला ३ ते ६ मिली. १०० मिलीच्या बाटलीचा एक दाब साधारण अर्धा मिली सोडतो, म्हणजे किलोमागे ६ ते १२ दाब. २५० मिलीच्या बाटलीत दाब दीड मिलीचा, म्हणून किलोमागे २ ते ४. पिल्लाच्या तोंडावर थेट न मारता हातमोज्यावर घेऊन चोळावा, खोली हवेशीर असावी, आणि पूर्ण वाळेपर्यंत पिल्लू आईजवळ सोडू नये.

इमिडाक्लोप्रिड आणि परमेथ्रिनचे थेंब गोचिडीला चिकटण्याआधीच पळवतात, हा त्यांचा गुण. पण परमेथ्रिन मांजराला मारू शकतं. कुत्रा-मांजर एकमेकांना चाटत, बिलगून झोपत असतील तर ते घरात आणूच नका.

पट्टे

फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचे चांगले पट्टे काही महिने टिकतात आणि दिवसाचा खर्च काढला तर स्वस्त पडतात. गळ्यात अडकवला आणि विसरलं, असं मात्र होत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. लोंबकळणारा पट्टा कातडीला लागत नाही आणि औषध पसरत नाही. उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर ते चघळलं जातं. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस, काही पट्ट्यांना आठवडा लागतो, त्यामुळे गोचिडींनी भरलेल्या कुत्र्यावर पहिला इलाज म्हणून पट्टा निरुपयोगी. आंघोळीला काढून खिळ्याला लटकवलेला पट्टा पुन्हा घालायचा राहून जातो हेही नेहमीचंच. पट्ट्याखालची कातडी आठवड्यातून एकदा बघावी. केस गेले किंवा लाली आली तर काढून टाकावा. ऑनलाइन मिळणाऱ्या, औषधाचं नाव आणि टक्केवारी न छापलेल्या ‘हर्बल’ पट्ट्यांवर पैसे घालवू नका.

आंघोळीचं पाणी: अमिट्राझ

गावोगावच्या मेडिकलमध्ये आणि जनावरांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त खपणारी ही बाटली. स्वस्त आहे, आणि चिकटलेल्या गोचिडी सोडवण्यात खरोखर चांगली आहे. पण चुकीच्या हातात सगळ्यात धोकादायकही हीच, म्हणून थोडं विस्ताराने.

१२.५ टक्क्यांचं द्रावण एक लिटर पाण्यात २ मिली, इतकंच. बाटलीचं झाकण हे माप नव्हे. बिनसुईच्या सिरिंजने मोजा. आंघोळीची बादली १५ ते २० लिटरची असते आणि पाण्याचा मग एका लिटरचा, त्यामुळे ‘बादलीत दोन झाकणं’ या हिशेबाने औषध कधी पाण्यासारखं पातळ होतं, कधी विषासारखं घट्ट. आदल्या दिवशी साध्या शाम्पूने कुत्रा धुवून वाळवा. दुसऱ्या दिवशी ताजं द्रावण करा, हातमोजे घाला, डोळ्यांत मलम घाला, आणि स्पंजने पायाच्या बोटांच्या बेचक्यांपासून कानाच्या पाळीपर्यंत भिजवा. नंतर पाण्याने धुवायचं नाही. टॉवेलने पुसायचंही नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत गळ्यात प्लास्टिकचा शंकू (कोन) घालायचा, कारण चाटणं हाच विषबाधेचा मुख्य रस्ता. उरलेलं द्रावण पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका. ठेवलेलं द्रावण विघटित होतं आणि जास्त त्रास देतं. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांसाठी ते विष आहे.

चार महिन्यांखालचं पिल्लू, चिवावा, मधुमेही कुत्रा, गाभण कुत्री, अंगावर जखमा असलेला कुत्रा, वागणुकीच्या तक्रारींसाठी गोळ्या चालू असलेला कुत्रा: यांना अमिट्राझ नको. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्या माणसाने हे द्रावण हाताळू नये. नंतर कुत्रा थोडा सुस्त राहणं अपेक्षित आहे. पण उभं राहता येत नाही, अंग थंड पडलंय, नाडी मंद झालीय असं दिसलं तर कोमट पाण्याने अंग धुवून ताबडतोब व्हेट गाठा आणि बाटली सोबत न्या. यावर उतारा असतो, पण कुठलं औषध होतं हे डॉक्टरांना कळलं पाहिजे.

डेल्टामेथ्रिनची ब्युटॉक्ससारखी द्रावणं मुळात गाई-म्हशींसाठी आणि गोठ्यासाठी लोक घेतात. कुत्र्याच्या अंगापेक्षा जागेवर फवारायला ती जास्त कामाची. या गटाला न जुमानणाऱ्या गोचिडी आपल्या देशातही आढळल्या आहेत.

पावडरी आणि गोचीड-शाम्पू यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शाम्पू अंगावर दहा मिनिटं ठेवला तर त्या दिवशीच्या गोचिडी पडतात, दुसऱ्या दिवशी नव्या चढतात. पावडर चाटली जाते आणि कुत्रा लाळ गाळत बसतो. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त म्हणून अजून सर्रास टोचलं जातं. गोचिडींवर त्याचा परिणाम बेभरवशाचा आहे आणि कोली जातीच्या कुत्र्यांत, त्यांच्या संकरांतही, ते मेंदूत शिरून जीव घेऊ शकतं. लसूण खाऊ घालणं, टी ट्री तेल चोळणं, रॉकेल लावणं यातलं काहीही करू नका. पहिल्या दोन गोष्टी कुत्र्याला विषारी आहेत, तिसरी कातडी भाजते.

घर

वरचं कुठलंही औषध निवडा, घर राहिलं तर काम अर्धं राहतं. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्या, ज्याच्यावर गोचीड दिसत नाही त्यालाही. अंथरुणं, गाद्यांची कव्हरं उकळत्या पाण्यातून काढा. चौकटी, फरशीच्या पट्ट्या, कुत्र्याच्या घराचं छप्पर, पडद्यांच्या घड्या, कुंड्यांच्या खाली व्हॅक्यूम फिरवा आणि पिशवी घराबाहेर बांधून टाका. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फवारणी करायची तर लेबलावरच्या मापाने, फटींवर आणि भिंतीच्या वरच्या कडांवर. कुत्रा, मांजर आणि लहान मुलं जागा वाळेपर्यंत बाहेर, माशांची टाकी झाकून आणि पंप बंद करून. एका फवारणीने अंडी मरत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा.

गोळी दिलेला कुत्रा या काळात स्वतःच सापळा असतो: घरात उरलेल्या गोचिडी त्याच्यावर चढतात आणि मरतात. घर साफ व्हायला साधारण तीन महिने सलग संरक्षण लागतं. पहिल्या महिन्यात गोचिडी दिसेनाशा झाल्या म्हणून दुसरी गोळी चुकवणं हे सगळ्यात महागात पडतं. आणि महाराष्ट्रात थंडीतही या गोचिडी पूर्ण थांबत नाहीत, त्यामुळे ‘पावसाळ्यापुरतं औषध’ हा हिशेब आम्हाला पटत नाही.

रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली हात फिरवा. सापडलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ, एकसारख्या जोराने ओढा. बोटांनी चिरडू नका, काडीने चटका देऊ नका. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका.

गोचिडी दिसल्यानंतरच्या एक ते तीन आठवड्यांत ताप, जेवण सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके किंवा गडद रंगाची लघवी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा: प्लेटलेटसह पूर्ण रक्तगणना आणि रक्ताची स्लाइड, शक्य असेल तर पीसीआर. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा खायला लागला म्हणून गोळ्या बंद करू नका. बबेशिया गिब्सोनीला एकटं डॉक्सीसायक्लिन पुरत नाही, त्याची औषधं वेगळी आणि महाग असतात, म्हणून तपासणीआधीच अंदाजाने गोळ्या सुरू करण्यापेक्षा रक्ताचा नमुना आधी घ्यावा. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका. प्लेटलेट कमी झालेल्या कुत्र्यात आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.